पदू मुकादमाची फळी

परवा कर्जतच्या एसटी स्टँडवर एका तरुण इंजिनिअरनं मला पिशवीतून एक गुंडाळी काढून दाखवली. आडव्या रेघा, उभ्या रेघा आणि मध्ये रंगीत पट्टे. कोणती टोळी कोणत्या दिवशी रस्त्याच्या कोणत्या तुकड्यावर, सगळं एका कागदावर मांडलेलं. पुढच्या वर्षी हापिसात कॉम्प्युटर येणार आणि मग हे सगळं तोच ठरवणार, असंही त्यानं ऐकवलं. मी तीस वर्षं रस्त्याच्या कामांवर हजेऱ्या लिहिल्या. अशा पोरांचा मला राग येतो, कारण त्यांना वाटतं की जग त्यांच्या पहिल्या पगारापासून सुरू झालं. मी म्हटलं, "बाबा रे, असला तक्ता मी बासष्ट साली बघितलाय. त्याला खिळे होते." मग विचारलं, "यातली एखादी खूण गळून पडली, तर उचलायची कुणी?"

तो हसला. "आजोबा, कागदावरची खूण पडत नाही."

तेवढ्यात त्याची गाडी लागली आणि तो गेला. मी मात्र दिवसभर चरफडत राहिलो. म्हणून पदू मुकादमाविषयी लिहायला बसलो आहे.

पदू पोशीरचा. घरची भातशेती होती, पण दिवाळी सरली की गावातल्या माणसांबरोबर तो रस्त्याच्या कामावर यायचा आणि पेरणीच्या तोंडावर परत जायचा. बुटका, मानेत आखूड आणि हातानं जबर. त्याचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. उशिरा आलेल्याला मुस्कटात, कुदळ विसरून आलेल्याला पाठीत, उलट बोलणाऱ्याला पोटात. मारून झालं की त्यालाच शेजारी बसवून आपल्या भाकरीतली अर्धी द्यायचा. लोक भ्यायचे आणि तरी त्याच्याच हाताखाली यायचे, कारण हा आपल्या कामावर माणूस मरू देणार नाही असा त्यांना भरवसा होता. खरं सांगायचं तर मला तो आवडायचा. मी स्वतः कधी कुणावर हात उगारला नाही, कारण माझ्या अंगात तेवढं बळ नव्हतं. माझ्या वतीनं तो मारतो आहे असंच मला वाटायचं.

माणूस मरू द्यायचा नाही, हा हट्ट त्याला कुठून आला हे सगळ्यांना ठाऊक होतं. बासष्टच्या आदल्या वर्षी शिळफाट्याजवळच्या कामावर पदू साधा मजूर होता आणि त्याचा थोरला भाऊ नामा टोळीचा म्होरक्या. तिथं कामाची वाटणी तोंडी व्हायची. सकाळी एकानं एक सांगायचं, दुपारी दुसऱ्यानं दुसरं. एके दिवशी पोशीरची टोळी आणि खालापूरकडची टोळी एकाच खोदाईवर येऊन उभी राहिली. आधीच दोघांत वाकडं होतं. शिवीगाळ झाली, मग फावडी उठली आणि खालापूरच्या एकाची पहार नामाच्या कानामागे बसली. तो ओरडलासुद्धा नाही. पदूनं मारणाऱ्याला पकडून खडीच्या ढिगावर इतकं आपटलं की त्याचा जबडा निखळला. पण नामा गेला तो गेलाच.

पुढच्या वर्षी कशेळ्याच्या पुढं, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोंगर फोडून वाट रुंद करायचं काम निघालं. पदूला मुकादमी मिळाली. माणसं जमवायला मी त्याच्याबरोबर पोशीरला गेलो होतो. त्याचा धाकटा भाऊ गजा कमरेला कोयता लावून तयारच होता. त्यांची आई अंबूबाई दारात आडवी उभी राहिली.

"एक दिला तुमच्या रस्त्याला," ती पदूला म्हणाली. "ह्ये माझं शेंडेफळ हाय. जसा नेतोस तसा आणून दे."

"आणून देतो, आये," पदू म्हणाला.

"तसं नाय. माझ्या डोक्यावर हात ठेव न बोल."

पदूनं हात ठेवला आणि बोलला. मी समोर होतो.

त्या आठवड्यातच त्यानं फळी केली. जुन्या चौकीचं एक सागवानी दार पडलं होतं, ते त्यानं रस्त्याच्या कडेला, उंबराखाली दोन खांबांवर उभं ठोकलं. त्यावर कोळशानं आडव्या ओळी मारल्या, एक ओळ म्हणजे रस्त्याचा एक फर्लांग. उभ्या ओळी वारांच्या, कशेळ्याच्या एका आठवडी बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत. प्रत्येक चौकटीत शेजारी-शेजारी दोन खिळे. मग डब्यांचे पत्रे कापून बिल्ले केले. पोशीरच्या टोळीचा मासा, खालापूरच्या टोळीचा कोयता, डोंगरातल्या वाड्यांवरून येणाऱ्यांचं पान. ज्या खिळ्यावर ज्याचा बिल्ला, त्या दिवशी त्यानं तिथं जायचं. वाचता येण्याची गरज नाही, कुणाला विचारण्याची गरज नाही. आणि दुसऱ्या खिळ्यासाठी एक गोल बिल्ला होता, लाल रंग दिलेला. तो ज्या ओळीत लागला तिथं सुरुंग आहे, लाल निघेपर्यंत तिथं पाऊल टाकायचं नाही.

कामाला असा वेग आला की साहेबसुद्धा चाट पडले. एकामागून एक टोळ्या ठरल्या जागी जायच्या. खोदणारे निघाले की उचलणारे, ते निघाले की खडी पसरणारे, मागून वाफेचा रोलर. दोन टोळ्यांची गाठच पडायची नाही, त्यामुळे मारामाऱ्या थांबल्या. पूर्वी सुरुंग उडवताना खोदाईच्या दोन्ही तोंडांना झेंडे घेऊन माणसं उभी करावी लागत. फळी आहे म्हटल्यावर पदूनं तीही काढून कामाला लावली. हे किती हुशारीचं आहे, असं मीच माझ्या सुंदर अक्षरात साहेबांना लिहून कळवलं होतं.

पौषात एक दिवस वाऱ्यानं पोशीरचा मासा खाली पडला. हिरू नावाचा पोशीरचाच गडी सकाळी आधी पोचला होता. पदूपेक्षा वर्षा-दोन वर्षांनी मोठा, लहानपणापासून एका बांधावर वाढलेला. त्यानं भल्या बुद्धीनं मासा उचलला आणि लावून टाकला, पण एक ओळ चुकली. पोशीरचे पंचवीस जण दुसऱ्या फर्लांगावर गेले. तिथं खालापूरचे आधीच होते. शिळफाट्याची आठवण दोन्हीकडे ताजीच होती. मी पोचलो तेव्हा खालापूरचा म्होरक्या मालोजी डोकं धरून बसला होता आणि बोटांतून रक्त गळत होतं. गजाच्या दंडात टिकावाचं टोक घुसलं होतं. आणखी दोन बोटं इकडे तिकडे झाली असती तर अंबूबाईचा धाकटाही गेला असता.

पदूनं कुणाला काही विचारलं नाही. सगळ्या टोळ्या फळीसमोर गोळा केल्या. हिरूनं आपण होऊन सांगितलं, "मी लावला रं पदू. पडला व्हता म्हून."

पदूनं त्याचं मनगट धरलं, उजवा हात फळीच्या कडेवर ठेवला आणि घणाच्या दांड्यानं तीन वेळा मारलं. हाडं मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. हिरू गुडघ्यावर आला. त्याची बायको गौराबाई त्याच्यासाठी पाण्याची कळशी घेऊन तिथंच उभी होती.

"फळीला माझ्याबिगर कुणी हात लावायचा नाय," पदू म्हणाला. "बिल्ला पडला तर पडू दे. मला येऊन सांगा. उचलायचा नाय."

मी वहीत लिहिलं, दगड घसरून हाताला दुखापत. लिहिताना मला वाईट वाटलं का? नाही. मला ते बरोबर वाटलं होतं. एकाची तीन बोटं गेली आणि शंभरांची डोकी वाचली, असा माझा तेव्हाचा हिशेब. हिरूची बोटं वाकडी जुळली आणि तशीच राहिली. कुदळ धरता येईना, म्हणून तो डोक्यावर घमेली वाहू लागला. गौराबाई रांजण भरायच्या कामावर आली. तोवर ती पदूला भावजी म्हणायची. त्या दिवसापासून दोघंही त्याला मुकादम म्हणू लागले.

फाल्गुनात डोंगराचा शेवटचा तुकडा, चौथा फर्लांग, फोडायला घेतला. सुरुंगाच्या टोळीचा चिमा म्हणून एक जाणता माणूस होता. त्या सकाळी त्यानं अकरा भोकं भरली. फळीवर चौथ्या ओळीत लाल लागला. त्याच खिळ्याच्या शेजारी मासा होता, म्हणजे लाल निघाला की पोशीरच्या टोळीनं तिथं दगड फोडायला जायचं. गजा आणि बाकीचे आंब्याखाली भाकरी खात बसले होते. फळी तिथून नीट दिसायची.

दहाच्या सुमाराला बार उडाले. डोंगर हादरला, उंबराची पानं झडली, धूर वर आला. पदू फळीजवळ गेला आणि त्यानं लाल बिल्ला खिळ्यावरून काढला. तो हातात असतानाच चिमा धावत आला.

"मुकादम, धाच बार झाले. अकरावा राह्यला."

पदूनं लाल परत लावायला हात वर केला. नेमक्या त्याच वेळी खालच्या अंगानं बोंब उठली. रस्त्यासाठी मुरूम खणताना खालापूरच्या माणसांनी एका शेतकऱ्याचा बांध कापला होता, आणि त्या शेतकऱ्याच्या घरचे काठ्या-कोयते घेऊन आले होते. पदूनं बिल्ला घाईत खिळ्याच्या टोकावरच अडकवला, जमिनीवरची काठी उचलली आणि चिमाला घेऊन खाली पळाला.

यापुढचं मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. वाफेचा रोलर फळीजवळून गेला. जमीन दणाणली आणि लाल बिल्ला सुटून मातीत पालथा पडला. गौराबाई रांजणाशी होती. तिनं पाहिलं. ती बिल्ल्याजवळ गेली, वाकली, आणि हात मागे घेऊन सरळ उभी राहिली. मग पदर खोचून खालच्या वाटेनं निघाली, मुकादमाला सांगायला. पोशीरचे लोक तेव्हा निवांत जेवत होते. ते उठायच्या आत मुकादम परत येईल असं तिला वाटलं.

एक तुकडा मात्र मी स्वतः पाहिला. मी माझ्या छपराखाली वही लिहीत होतो. थोड्या वेळानं मान वर केली तर चौथ्या ओळीतला लालचा खिळा रिकामा होता. मघाशी पदूच्या हातात मी लाल पाहिलाच होता, म्हणजे त्यानंच काढला असं धरून चाललो. मी परत मान खाली घातली.

खाली तुंबळ चाललं होतं. मालोजीला दोघांनी बांधावर पाडून कोपरानं दाबून धरला होता. एका म्हाताऱ्याचे दात पडले होते आणि तो रक्त थुंकत शिव्या देत होता. पदू मध्ये घुसला आणि आपला परका न बघता काठी चालवू लागला. गौराबाई कडेला येऊन उभी राहिली.

"मुकादम," तिनं हाक मारली.

पदूनं एकाचा गुडघा फोडला. तो माणूस तिच्या पायाशी येऊन पडला.

"मुकादम, लाल..."

"बाजूला हो गं," म्हणून पदूनं तिला कोपरानं ढकललं. ती बांधावरून खाली गेली. उठून परत वर येते आहे तोवर वर डोंगरात बार झाला. एकच, पण सगळ्यांचे हात थांबले.

आंब्याखालून उठताना गजानं फळीकडे पाहिलं होतं. "लाल निघाला, चला रं," म्हणाला आणि सर्वांत पुढं गेला. सुटलेल्या दगडात त्यानं पहार घातली ती नेमकी अकराव्या भोकावर. मागच्या दोघांना कपच्या लागल्या, ते जगले. गजाला उजवी बाजूच राहिली नव्हती. पदू वर पोचला तेव्हा मी तिथं होतो. तो भावाजवळ बसला, आणि आजूबाजूचे दगड उचलून उचलून खाली बघू लागला. काय शोधतो आहे हे कळल्यावर मी तोंड फिरवलं. आईला जसा नेला तसा द्यायचा होता त्याला.

मग तो उठला आणि फळीकडे चालत गेला. आम्ही सगळे मागून. बिल्ला खिळ्याच्या बरोबर खाली मातीत पडला होता.

"कुणी काढला?" त्यानं विचारलं.

त्यानं चिमाचा गळा धरला आणि त्याचं डोकं खांबावर आपटलं, दोनदा, तीनदा. चिमाच्या भुवईतून रक्त आलं. "मी नाय, मुकादम, मी तुमच्यासंगं व्हतो," तो सांगत होता. पदूला ऐकू येत नव्हतं.

"कुणी नाय काढला," गौराबाई म्हणाली. "पडला. मी बघितला."

पदूनं चिमाला सोडलं. खांबाशी टेकलेला घण उचलला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "बघितलास? न उचलला नाय?"

"नाय."

"का गं?"

गौराबाईनं शेजारी उभ्या असलेल्या हिरूचा उजवा हात धरला आणि पदूच्या डोळ्यांसमोर आणला. तीन वाकडी बोटं.

"ह्यासाठी," ती म्हणाली. "उचलायचा नाय, मला येऊन सांगा, असं तुमीच बोललात. सांगाया आले व्हते, भावजी. दोनदा हाक मारली. तुमी ढकललंत."

घण वर गेला. तिच्या डोक्यात बसणार अशी माझी खात्री होती, आणि मी जागचा हललो नाही. शंभर माणसं होती, कुणीच हललं नाही. पदूनं आम्हाला तेवढं चांगलं शिकवलं होतं.

घण तसाच खाली आला. पदूनं तो फिरवला आणि दांडा हिरूपुढं धरला. मग स्वतःचा उजवा हात त्यानं फळीच्या कडेवर ठेवला, पौषात हिरूचा ठेवला होता तिथंच. लाकडावर अजून काळा डाग होता.

"मार," तो म्हणाला.

हिरूनं घण घेतला. सवयीनं उजव्याच हातात घेतला. उचलला, आणि तो निसटून मातीत पडला. हिरूनं वाकून पुन्हा घेतला, पुन्हा पडला.

"मार रं हिरू. सोडू नको मला."

"सोडत नाय," हिरू म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते रागाचं होतं. "पदू, मूठ नाय वळत."

पदू हात तसाच ठेवून उभा राहिला. शेवटी मालोजीनं, पौषात ज्याच्या डोक्याला खोक पडली होती त्या मालोजीनं, पुढं होऊन त्याचा हात फळीवरून उचलला आणि खाली सोडला.

दुपारी गजाला गोणपाटात गुंडाळून खडीच्या ट्रकमधून पोशीरला नेलं. पदू मागं त्याच्याजवळ बसला होता. नेरळच्या अलीकडं त्यानं एकदाच तोंड उघडलं, रस्ता खराब आहे, गाडी हळू हाक म्हणून. बातमी आधीच पोचली होती. अंबूबाई दारात उभी होती, तशीच आडवी. आम्ही गजाला अंगणात ठेवलं. तिनं गोणपाट वर केलं, बघितलं, आणि परत टाकलं. नामाच्या वेळी पदूनं तिला मारणाऱ्याचं नाव सांगितलं होतं. या वेळीही तिनं तेच विचारलं.

"कुणी मारला रं?"

"मी, आये," पदू म्हणाला.

मी ट्रकला टेकून उभा होतो. काखेत हजेरीची वही होती, आणि तिच्यात मी अपघात असं लिहून आलो होतो.